वखारीतला बुरा: कलमी की रायवळ?

सुरंगी | ६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. ज्यांच्या घरातलं कुणी वखारीत, आरागिरणीत किंवा सुतारकामात आहे, त्यांनी हा धागा सवड काढून वाचावा अशी विनंती. मी एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, पण हे लिहितेय ते मुलगी म्हणून.

बाबा १९८२ च्या संपापर्यंत परळला कापडगिरणीत होते. संप काही मिटेना, तेव्हा ते गावी, संगमेश्वर तालुक्यात परतले आणि एका वखारीत लागले. पुढची बत्तीस वर्षं बँडसॉवर उभे होते. आंबा, फणस, ऐन, किंजळ, शिवण, जे येईल ते चिरलं. १९९६ साली टीबी झाला, औषधं पुरी घेतली, बरे झाले. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पोकळी मात्र कायमची राहिली.

तीन वर्षांपूर्वी खोकला परत सुरू झाला. वजन उतरत गेलं आणि एका पहाटे मोरीत रक्त पडलं. टीबी उलटला म्हणून पुन्हा सहा महिने गोळ्या. थुंकीत टीबीचा जंतू एकदाही सापडला नव्हता, सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह होती. एवढ्या फेऱ्यांत "काम काय करत होतात?" हे बाबांना एकदाही कुणी विचारलं नाही. याचा मला आजही राग येतो. शेवटी सीटी स्कॅनमध्ये त्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा दिसला. रक्तात ॲस्परजिलस या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर. म्हणजे फुप्फुसाचा जुनाट ॲस्परजिलोसिस. इट्राकोनॅझोल सुरू होऊन चार महिने झाले, उतार नाही. तेव्हापासून एकच प्रश्न मनात घोळतोय: ही बुरशी औषधाला दादच देत नसेल तर?

मागच्या रविवारी बाबांच्या वखारीत गेले. मागच्या अंगाला, पत्र्याच्या पागोळ्या पडतात तिथे, भुशाचा आणि सालींचा ढीग वर्षानुवर्षं पडून आहे. वरून पाऊस कोसळत होता, आणि तिथल्या एका दादांनी फावड्याने ढीग उकरला तर आतून वाफ आली. हात जवळ नेला तर चुलीपुढे धरावा तशी ऊब. वरचा थर लालसर, ओला. वीतभर खाली राखाडी-हिरवट पूड. फावडं आपटलं तशी ती धुरासारखी उठली, आणि ते दादा तोंडाला नुसता पंचा बांधून तिथेच उभे. चिमूटभर भुसा बंद पिशवीतून आणला, प्रयोगशाळेच्या सुरक्षा कपाटात थाळीवर पेरला आणि थाळी ४५ अंशांवर ठेवली. एवढ्या उष्णतेत बहुतेक बुरशा उगवतच नाहीत. दुसऱ्या दिवशी पांढरे ठिपके दिसले. तिसऱ्या दिवशी निळसर हिरवी मखमल, तिला पांढरी किनार. ॲस्परजिलस फ्युमिगेटस. (असलं काही घरी कुणी करू नका. उघडी थाळी म्हणजे हजारो बीजाणू नाकात.)

या बुरशीचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे थेट वायुकोशांपर्यंत पोचणारा. तसे आपण सगळेच दिवसाला शेकडो बीजाणू ओढतो आणि निरोगी फुप्फुस त्यांचा निकाल लावतं. जुनी पोकळी असलेल्यांना, दमेकऱ्यांना, स्टेरॉइड चालू असलेल्यांना ते जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशांची यादी काढली, तिच्यात सगळ्यात वरच्या गटात ही आहे.

आता मुख्य मुद्दा. तिच्यावरची तोंडाने घ्यायची औषधं जवळपास सगळी एकाच घराण्यातली: इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल. सगळी ॲझोल. आणि याच घराण्यातली टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही भावंडं शेतात फवारली जातात, शिवाय लाकूड निळं पडू नये, त्याला बुरा येऊ नये म्हणूनही वापरली जातात. बुरशीला आपल्या पेशीचं आवरण बांधायला एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ॲझोल जाऊन चिकटतं आणि काम थांबवतं. त्या विकराचं जनुक म्हणजे सायप५१ए. त्यात दोन बदल एकदम झालेले वाण आहेत. जनुकाच्या चालू-बंद करण्याच्या भागात ३४ अक्षरांचा तुकडा दुपटीने आलेला असतो, त्यामुळे विकर जास्त बनतं. आणि विकराच्या साखळीत ९८ व्या जागी ल्युसीनऐवजी हिस्टिडीन बसलेलं असतं, त्यामुळे औषध नीट बसत नाही. या जोडीचं नाव टीआर३४/एल९८एच. वर्षभर गोळ्या खाणाऱ्या रुग्णाच्या छातीत तयार होतात ते बदल सहसा एकाच अक्षराचे असतात. ही जोडी दिसली की समजावं, बुरशी बाहेरूनच तयार होऊन आली आहे. ज्याने आयुष्यात ॲझोलची गोळी पाहिली नाही त्याच्या फुप्फुसातही ती सापडते.

हॉलंडमध्ये हे आधी लक्षात आलं. २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भारतातल्या मातीतही टीआर३४/एल९८एच आहे. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट पुढची आहे: वेगवेगळ्या राज्यांतून घेतलेले ते प्रतिकारक नमुने जनुकीय ठशांवरून एकमेकांसारखेच निघाले.

वर्गात मी हे असं सांगते. हापूस कुठलाही घ्या, देवगडचा किंवा पावसचा, ते एकाच झाडाचं कलम आहे. रायवळ आंबा मात्र बाठीतून उगवतो, म्हणून दर झाडाची चव वेगळी. बुरशी बहुतेक वेळा कलमांसारखी वाढते, एका बीजाणूपासून लाखो जुळी. पण तिला रायवळाचा मार्गही आहे. दोन वेगळ्या लिंगप्रकारांचं मीलन होतं हे २००९ मध्ये सिद्ध झालं. प्रयोगशाळेत त्यासाठी ओटच्या माध्यमावर, ३० अंशांवर, अंधारात सहा महिने थाळ्या ठेवाव्या लागल्या.

एखाद्या वखारीत प्रतिकारक बुरशी सापडली आणि ती सगळी एकच कलम निघाली, तर ती कुठूनतरी आली आणि पसरली. पण एकाच ढिगात वेगवेगळ्या घराण्यांची रायवळ प्रतिकारक निघाली, तर त्या ढिगात असं काहीतरी आहे जे पुन्हा पुन्हा अशाच बुरशीला जगवतंय. दोन्हीचे उपाय वेगळे. म्हणून "जनुकीय विविधता" हा माझ्यासाठी कागदावरचा शब्द नाही.

वखारवाल्यांना विचारायचंय: तुमच्याकडे लाकूड कशात बुडवतात? पिंपावर काय लिहिलंय? आणि भुशाचं काय करता?

बोंडू | ६ जुलै, रात्री १०:१५

ताई, कोविडनंतर जी काळी बुरशी आली होती ती हीच का? आमच्या आळीत एक काका गेले त्यात.

सुरंगी | ६ जुलै, रात्री १०:३२

नाही. २०२१ मधली ती म्युकरमायकोसिस, बुरशी वेगळ्या कुळातली. तिच्यावर व्होरिकोनॅझोल चालत नाही, ॲम्फोटेरिसिन द्यावं लागतं. काकांबद्दल वाचून वाईट वाटलं.

किंजळ | ७ जुलै, सकाळी ७:०५

लांजा तालुक्यात आमची वखार आहे, आजोबांपासूनची. धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जंगली लाकडाला, म्हणजे ऐन, किंजळ, साग यांना आम्ही काहीही लावत नाही. ते चिरायचं, रिपा घालून थप्पी लावायची आणि वारा लागू द्यायचा. प्रश्न येतो तो आंब्याच्या आणि रबराच्या लाकडाचा. दोडामार्गकडून रबराचे ओंडके येतात. पावसाळ्यात आज चिरलेली रबराची फळी तशीच ठेवली तर दोन-तीन दिवसांत तिच्यावर निळे-काळे पट्टे. तो माल कुणी घेत नाही. म्हणून चिरल्या दिवशीच हौदात बुडवतो. हौदात बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड असतं, आणि पावसाळ्याचे चार महिने एक वेगळं औषधही टाकतो, "अँटिस्टेन" म्हणून दुकानदार देतो ते. त्याच्या पिंपावर काय लिहिलंय ते मी आजवर वाचलेलं नाही, हे खरं सांगतो. आज बघून कळवतो.

भुसा आधी वीटभट्टीवाले नेत, काही कोंबडीवाले नेत. पावसात कुणी नेत नाही. मग ढीग साठतो, अगदी तुम्ही लिहिलाय तसाच. हौदाचं उरलेलं पाणी त्या ढिगाच्या कडेलाच ओतलं जातं, कारण उतार तिकडे आहे.

माझ्याकडे सात माणसं आहेत. त्यातले दोघे वडिलांच्या वेळचे. त्यांच्या छातीत माझ्या हौदामुळे काही जात असेल तर मला ते समजून घ्यायचंय. पण एक सांगा, वखारी बंद करा असं तर याचं टोक नाही ना? गावात दुसरं काम नाही.

देवगडी | ७ जुलै, दुपारी १:२०

दोनशे कलमं आहेत. मोहोरावर भुरी आली की आम्ही हेक्झाकोनॅझोल मारतो, दापोली विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकातही ते आहे. तेही याच घराण्यातलं ना? आणि मोहोरासाठी कलमांना घालतो ते कल्टारसुद्धा ट्रायझोल, म्हणजे ॲझोलच, असतं असं ऐकलंय. मग वखारवाल्यांना बोलण्याआधी आम्हीच दोषी ठरतो का? उत्तर कडू असलं तरी चालेल.

मिऱ्याबंदर | ७ जुलै, रात्री ८:५०

मी रत्नागिरीत छातीचे आजार पाहतो. सुरंगीताई, तुमचा राग रास्त आहे. टीबी बरा झालेल्याला पुन्हा खोकला, पुन्हा रक्त, आणि जंतू सापडत नाही, अशा प्रत्येक वेळी ॲस्परजिलसची आयजीजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, चाचणी मनात यायलाच हवी. मुंबईच्या गिरण्यांतून टीबी घेऊन परतलेली एक अख्खी पिढी कोकणात आहे. त्यांच्या छातीत पोकळ्या आहेत.

पण वडिलांची बुरशी औषधाला दाद देत नाही असं ठरवण्याआधी एक विचारतो. ते कॅप्सूल कशी घेतात? इट्राकोनॅझोलच्या साध्या कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं, भरल्या पोटी घ्यावी लागते. सोबत ॲसिडिटीची गोळी असेल तर औषध रक्तात पोचतच नाही. घेतलेली कॅप्सूल आणि न घेतलेली सारखीच. रक्तातली पातळी तपासता येते. ती केली आहे का? आणि बेडक्याची कल्चर झाली असेल तर किती कॉलनींवर (थाळीत उगवलेल्या वेगवेगळ्या ठिपक्यांवर) औषध तपासलं?

सुरंगी | ७ जुलै, रात्री ९:३०

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला. बाबा सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी आणि इट्राकोनॅझोल एकाच घोटाबरोबर घेतात. चार महिने. पाकिटावर आईने शाईने "सकाळी" एवढंच लिहून ठेवलंय, कारण तेवढंच सांगितलं गेलं. पातळी कधी केलेली नाही. कल्चर मुंबईला गेली होती. अहवालात एकाच कॉलनीची तपासणी आहे, औषध लागू पडतंय असं लिहिलंय. मी त्या अहवालावर विश्वासच ठेवला नव्हता.

देवगडी दादा, दोषी शोधायला हा धागा काढलेला नाही. हेक्झाकोनॅझोल याच घराण्यातलं, हे खरं. कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोलही रासायनिकदृष्ट्या ट्रायझोलच, पण त्याचा रोख बुरशीवर नसून झाडातल्या जिबरेलीन या वाढीच्या संप्रेरकावर असतो. मात्र फ्युमिगेटस जिवंत पानावर किंवा मोहोरावर वाढणारी बुरशी नाही. तिला मेलेलं, कुजणारं, गरम झालेलं खाद्य लागतं. तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका: ॲझोलचा अंश, कुजणारा ढीग आणि आठवडेच्या आठवडे टिकणारी ऊब. हॉलंडमध्ये २०१९ मध्ये अशा जागा मोजल्या तेव्हा तीन ठिकाणं पुढे आली: ट्युलिपसारख्या फुलांच्या कंदांचा कचरा, बागेतल्या हिरव्या कचऱ्याचे ढीग आणि लाकडाच्या ढलप्या. फवारलेला मोहोर गळून जमिनीवर पसरतो आणि सुकतो, तो एक प्रकार. छाटलेल्या फांद्या, पाला, गवत यांचा एका कोपऱ्यात रचलेला ढीग पावसात तापतो, तो दुसरा. तुमच्या बागेत दुसरा प्रकार असेल तर तिकडे लक्ष द्या. आणि भुरीला दर वेळी तेच औषध न मारता आलटूनपालटून गंधक वापरा, हे विद्यापीठही सांगतंच.

किंजळ दादा, वखारी बंद करा असं कुणीही म्हणणार नाही. माझं शिक्षण बाबांच्या वखारीच्या पगारावर झालंय. पण बोरॅक्सचा हौद आणि अँटिस्टेनचा हौद यांत फरक आहे, आणि ते पाणी ढिगात जातंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. पूर्व फ्रान्समधल्या आरागिरण्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे लाकडाला टेब्युकोनॅझोल आणि प्रोपिकोनॅझोल वापरतात, आणि तिथेही टीआर३४/एल९८एच सापडलं. पिंप वाचून नक्की कळवा.

रापणकार | ८ जुलै, सकाळी ६:४०

सुरंगीताई, माझो भाव कुडाळाक वखारीत असा. दमो त्याका लहानपणापासून. पावसात भुसो ओलो झालो की दमो उसळता, मे म्हयन्यात बरो रवता. आमी म्हणी, हवा बदलता म्हणान. हल्ली खाकऱ्यातसून तपकिरी गाठी पडतत, रबरासारख्यो. ह्या काय असा, जरा सांगशात?

मिऱ्याबंदर | ८ जुलै, दुपारी २:१०

रापणकार, हे अंगावर काढू नका. दमेकऱ्याला तपकिरी, घट्ट, नळीच्या आकाराच्या गाठी पडत असतील तर एबीपीए नावाचा आजार असू शकतो. त्यात बुरशी फुप्फुस खात नाही, तर श्वासनळीत ठाण मांडते आणि शरीर तिच्यावर ॲलर्जीने चवताळतं. रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) आणि ॲस्परजिलसचं आयजीई या दोन तपासण्या करा, छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि भाऊ वखारीत काम करतो हे पहिल्या वाक्यात सांगा. इट्राकोनॅझोल सुरू झालं तर दम्याच्या फवाऱ्यात कुठलं स्टेरॉइड आहे तेही डॉक्टरांना दाखवा. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असेल तर इट्राकोनॅझोलमुळे ते शरीरात साचतं, चेहरा सुजतो, साखर वाढते.

निदान होईपर्यंत तरी भावाला ढीग उपसायला पाठवू नका.

चितारआळी | ८ जुलै, रात्री ९:००

सावंतवाडीत आमचं खेळण्यांचं काम. लेथवर फिरवताना भुसा उडतोच, पण लाकूड वाळलेलं असतं. आम्हालाही ही भीती आहे का?

सुरंगी | ८ जुलै, रात्री ९:४५

नीट वाळलेल्या लाकडात ही बुरशी फारशी वाढत नाही, त्यामुळे ही भीती कमी. पण नुसती लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) १९९५ मध्येच लाकडाची धूळ नाकाच्या आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचं निश्चित कारण म्हणून नोंदवली आहे. लेथपाशी धूळ ओढणारी नळी लावा. तुमच्या हातची चित्रं पाहत मी मोठी झालेय, तुमचे हात आणि श्वास दोन्ही टिकायला हवेत.

किंजळ | ९ जुलै, सकाळी ८:२०

पिंप वाचलं. लेबल तेलकट होऊन अर्धं निघालंय, मोबाइलच्या उजेडात बघावं लागलं. दोन नावं आहेत. एक लांबलचक, आयोडो-प्रोपिनिल का काहीतरी. दुसरं प्रोपिकोनॅझोल. खाली सूचना: हातमोजे घाला, उरलेलं द्रावण जमिनीत किंवा पाण्यात सोडू नका. ही ओळ मराठीत असती तर कदाचित कुणीतरी वाचली असती.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, सगळे हेच नेतात.

ताई, माझ्या ढिगातली बुरशी कलमी की रायवळ, हे कसं कळतं ते सांगा. पैसे पडले तर देईन.

सुरंगी | ९ जुलै, रात्री १०:१०

दादा, तुम्ही लेबल वाचून इथे लिहिलंत, यासाठी मनापासून आभार. इतकं सरळ कुणी लिहीत नाही.

कसं कळतं ते सांगते. ढिगातून एकच चिमूट घ्यायची नाही. वरून, पोटातून, बुडातून, हौदाच्या उतारावरून, आणि तुलनेसाठी लांबच्या कोरड्या कोपऱ्यातून, असे वेगवेगळे नमुने. प्रत्येकातून अनेक कॉलनी वेगळ्या काढायच्या. मग चार वाट्यांची थाळी येते. एका वाटीत नुसतं माध्यम, बाकी तीनमध्ये इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल. औषधाला दबणारी बुरशी पहिल्या वाटीत हिरवी होते, बाकी तीन कोऱ्या राहतात. औषधाच्या वाटीतही हिरवळ आली तर ती कॉलनी पुढे पाठवायची.

पुढे दोन कामं. एक म्हणजे सायप५१ए जनुक वाचणं, त्यात टीआर३४ आहे, टीआर४६ हा तसाच दुसरा बदल आहे की आणखी काही ते कळतं. दुसरं म्हणजे कुळी काढणं. बुरशीच्या डीएनएत काही जागी तेच दोन, तीन किंवा चार अक्षरांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. ते किती वेळा येतात ते वाणागणिक बदलतं. अशा नऊ जागा ठरलेल्या आहेत, प्रत्येक प्रकारच्या तीन. नऊही आकडे जुळले तर ती एकाच कलमाची. जुळले नाहीत तर रायवळ. याहून बारीक पाहायचं तर सगळा जीनोम वाचतात, साधारण २ कोटी ९० लाख अक्षरं, आठ गुणसूत्रांवर. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २१८ नमुन्यांचा असा अभ्यास २०२२ मध्ये आला. रुग्णाच्या छातीतली आणि बाहेरच्या वातावरणातली बुरशी काही जोड्यांमध्ये इतकी एकसारखी निघाली की ती तिथूनच आली असं म्हणता आलं.

आमच्या महाविद्यालयात कॉलनी वेगळ्या करण्यापर्यंत जमेल, पुढचं संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावं लागेल. नमुने घ्यायला मी स्वतः येईन, मास्क आणि पिशव्या घेऊन. वखारीचं नाव कुठेही जाणार नाही. पैसे नकोत.

मिऱ्याबंदर | १० जुलै, सकाळी ११:३०

मी कॉलनींची संख्या विचारली त्याचं कारण आता सगळ्यांना कळलं असेल. ढिगात मिश्र वस्ती असेल, तर त्या ढिगाची धूळ बत्तीस वर्षं ओढलेल्या माणसाच्या पोकळीतही मिश्र वस्ती असू शकते. एकच कॉलनी तपासली आणि ती गरीब निघाली, तर शेजारची आडदांड निसटते. म्हणून पाचपर्यंत कॉलनी तपासाव्यात असा संकेत आहे. सुरंगीताई, नवीन बेडका पाठवताना तसं लेखी मागा.

पुढे कधी व्होरिकोनॅझोल द्यावं लागलं तर उन्हाची काळजी. त्या औषधावर असताना कातडी उन्हात भाजते. आपल्याकडे खळ्यात बसणारी, बागेत फिरणारी माणसं, त्यांना हे आधी सांगावं लागतं.

वखारीतल्यांसाठी: पंचा, रुमाल, कापडी मास्क यांतून हा बीजाणू सहज जातो. एन-९५ घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा, ओला झाला की बदला. भुसा कोरडा झाडू नका, आधी पाणी शिंपडा. हवेच्या नळीने कपडे झटकण्याची सवय बंद करा. मला ती सगळ्यात घातक वाटते, कारण तोंड आणि धूळ हातभर अंतरावर असतात.

देवगडी | ११ जुलै, संध्याकाळी ६:१५

काल बागेच्या वरच्या कोपऱ्यातला पाल्याचा ढीग उकरून पाहिला. तोंडाला मास्क होता. आत गरम होता. आता पाला एका जागी न रचता पातळ पसरतोय.

सुरंगी | १९ ऑगस्ट, रात्री ९:२०

उशिरा लिहितेय, क्षमस्व. बाबांच्या डॉक्टरांना भेटून पँटोप्राझोल बंद केलं, कॅप्सूल दोन्ही वेळच्या जेवणानंतर लगेच. दोन आठवड्यांनी पातळी केली, पुरेशी आली. नवीन बेडक्यातल्या पाच कॉलनी तपासल्या. पाचही इट्राकोनॅझोलला दबणाऱ्या. महिनाभरात रक्त पडलेलं नाही, वजन दीड किलो वाढलंय. परवा नारळीपौर्णिमा होऊन गेली तरी नारळीभात मागून खाल्ला.

म्हणजे बाबांच्या बाबतीत माझा तर्क चुकला. औषध हरलं नव्हतं, ते पोचतच नव्हतं. डॉक्टर, तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर मी अजून भलत्याच वाटेवर असते. पण वखारीबद्दलचा प्रश्न तिथेच आहे. आज बाबांच्या पोकळीत दबणारी बुरशी आहे, तर ती तशीच राहावी असं वाटत असेल तर त्या ढिगाकडे आत्ताच बघायला हवं. किंजळ दादांच्या वखारीतले आणि बाबांच्या वखारीतले नमुने घेऊन झालेत, कॉलनी वेगळ्या करतेय.

रापणकार | २० ऑगस्ट, सकाळी ७:००

भावाचा आयजीई लय वाढलेला मिळाला. उपचार चालू झाले. मालकान त्याका थप्पीच्या कामार घातल्यान. डॉक्टरांनु, ताई, तुमचे उपकार.

किंजळ | २१ ऑगस्ट, रात्री ८:३०

रापणकार, वाचून बरं वाटलं.

आमच्याकडचं सांगतो. प्रोपिकोनॅझोलचं पिंप झाकण लावून बाजूला ठेवलंय, दुकानदाराला परत घे म्हटलंय. या पावसात रबराचं लाकूड फक्त बोरॅक्सच्या हौदात बुडवतोय आणि चिरल्या दिवशीच थप्पी पत्र्याखाली, दोन फळ्यांच्या मध्ये इंचाच्या रिपा, बाजूने दोन मोठे पंखे. तरी दहातल्या दोन-तीन फळ्या निळ्या पडतात. त्या पेट्यांना जातात, भाव कमी येतो. तेवढं सोसेन. वडिलांच्या वेळचे तात्या म्हणतात, पूर्वी पावसात ओला ओंडका चिरायचेच नाहीत, दसऱ्यानंतर चिरायचे.

ढीग पाऊस थांबल्यावर हलवायचं ठरवलं होतं, पण ताईंनी सांगितलं, पावसात ओलाच हलवा, ओला असताना कमी उडतो. सगळ्यांना एन-९५ दिले. तात्यांची दाढी असल्याने मास्क बसेना, तर त्यांनी काल दाढी काढली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची हनुवटी दिसली. ढिगाच्या जागी आता चिऱ्याचा कट्टा घालतोय, वर पत्रा, आणि हौदाचं पाणी तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये एक चर.